बडोद्यातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र : यंदाची सहल आपल्या आखाताकडे काढा

बडोद्यातल्या तमाम मराठी मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खास करून सहल समितीची मंडळी, सगळ्यांना स.न.वि.वि.

तुमच्यातले निम्मे लोक मला ओळखतात, दरवर्षी जनरल मीटिंगमध्ये शेवटच्या रांगेतून प्रश्न विचारणारा तो मीच, त्यामुळे "हा परत आला" असं एकदा म्हणून घ्या आणि मग पुढे वाचा.

परवा ग्रुपवर मेसेज पडला की यंदा डिसेंबरची सहल गणपतीपुळे-मालवण, चार रात्री पाच दिवस, एसी बस. खाली लगेच कोणीतरी लिहिलं, चला निदान समुद्र तरी बघायला मिळेल, बडोद्यात राहून समुद्र कुठला दिसायला. आणि त्याला धडाधड अंगठे. आता कोकणाशी माझं काही भांडण नाही हो, सोलकढी मलाही आवडते, पण पादरा-जंबुसर-कावी असं गाडीने गेलं तर दोनेक तासांत समुद्राला पाय लागतात. (खरं म्हणजे चिखलाला लागतात, त्याबद्दल पुढे लिहितो.) हा आपला समुद्र आहे, खंभातचं आखात. आपल्या निम्म्या घरांचे पगार त्याच्या काठावरनं आले, स्वयंपाकाचा गॅस तिथनं आला, मीठ तिथनं येतं, आणि आपण जे काही नको असलेलं गटारात सोडतो ते फिरून फिरून तिकडेच जातं. तरी आपल्या मंडळात व्याख्यानमाला होतात त्या सह्याद्रीवर, गडकिल्ल्यांवर, कोकण रेल्वेवर. आखातावर एकही व्याख्यान झाल्याचं मला तरी आठवत नाही, कोणाला आठवत असेल तर सांगा.

गंमत म्हणजे गायकवाड सरकारला समुद्र चांगला माहीत होता. राज्याची राजधानी इथे आत, पण नवसारी प्रांतात बिलिमोऱ्याचं बंदर, अमरेलीकडे कोडीनार आणि थेट सौराष्ट्राच्या टोकाला ओखामंडळ. तिथे सयाजीराव महाराजांच्या काळात १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झालं, आणि जवळच पुढे १९३९ मध्ये मिठापूरचा केमिकलचा कारखाना उभा राहिला, समुद्राच्या मिठावर चालणारा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या कचेरीत बसून लोक मीठ, बंदर, जकात, रेल्वे या सगळ्याचा एकत्र हिशोब करत होते, त्यात आपल्यापैकी कितीतरी जणांचे पणजोबा कारकून म्हणून असतील, आणि आपण त्यांची पतवंडं म्हणतो बडोद्यात समुद्र कुठे आहे.

आता आखात बघा. नकाशात ते नरसाळ्यासारखं दिसतं, खाली दीव-दमणकडे तोंड चांगलं रुंद आणि वर खंभातकडे येता येता एकदम निमुळतं. भरतीचं पाणी आत घुसतं, जागा कमी कमी होत जाते, मग ते जाणार कुठे, वर चढतं. गोव्याला भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटरचा, मुंबईला उधाणाला पाचच्या आसपास आणि भावनगरला उधाणाच्या दिवसांत दहा मीटरच्याही वर. तीन मजल्यांची उंची, दिवसातून दोनदा चढायची आणि दोनदा उतरायची. भारतात एवढी मोठी भरती दुसरीकडे कुठेही नाही. भावनगरच्या बंदराला त्यासाठी लॉकगेट बसवावं लागलं, पाणी अडवून ठेवलं नाही तर ओहोटीला बोटी चिखलावर बसतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे येणाऱ्या ग्रीक खलाशांनीसुद्धा भरूचच्या भरतीची धास्ती लिहून ठेवलीये, इथले स्थानिक नावाडी पुढे जाऊन त्यांची गलबतं आत ओढून आणायचे.

त्यात साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी एवढ्या नद्या इथे येऊन मिळतात, त्यांचा गाळ आणि त्याला दिवसरात्र घुसळणारी भरती, त्यामुळे पाणी कायम गढूळ, निळाशार वगैरे विसरा. वाळू नाही, भेळवाला नाही. याच गाळाने खंभातचं बंदर बंद पाडलं, एके काळी देशोदेशीची जहाजं यायची तिथे आता किनाऱ्यावर चिखलाचं मैदान आहे, गावात अकीकच्या दगडाला पैलू पाडणारे कारागीर तेवढे राहिले. घोघा-दहेज रो-रो फेरीचंही (गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीचंही) तेच. २०१७ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, तीनशेच्या वर किलोमीटरचा रस्ता तीसेक किलोमीटरवर आला म्हणून आपण सगळे खूश, आणि मग दहेजच्या बाजूला गाळ एवढा साठायला लागला की बोटीला खोली मिळेना, शेवटी २०२० मध्ये फेरी हजीऱ्याला हलवली. आखाताला विचारल्याशिवाय तिथे काही चालत नाही.

पण ज्या भरतीने बंदरं मारली तिनेच अलंग मोठं केलं. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात. उधाणाच्या भरतीला जुनं जहाज फुल स्पीडने किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते कोरडं पडतं, ना धक्का लागतो ना गोदी. त्याचं पोलाद भावनगर-सिहोरच्या रोलिंग मिलमध्ये जाऊन सळया होतात, आणि बाकी सामान म्हणजे गाद्या, कपबश्या, खुर्च्या, कपाटं असं सगळं रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून विकलं जातं. आमच्या शेजाऱ्यांकडे तिकडचं एक लाकडी कपाट आहे, आतल्या बाजूला अजून कुठल्यातरी परक्या लिपीतलं लेबल चिकटलेलं, आणि दारं अशी की बोट हलली तरी उघडू नयेत म्हणून खटका वर उचलल्याशिवाय हलतच नाहीत. पाहुणे हमखास अडकतात.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. खंभात-धोळक्याकडचा भाल, तिथला भालिया गहू आपल्यातले बरेच जण उन्हाळ्यात वर्षाचा म्हणून भरतात, तो पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावरच येतो, पाणी न देता, २०११ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. महीच्या अलीकडे नर्मदेपर्यंत कानम, काळी जमीन, कापूस, एके काळी जंबुसरजवळच्या टंकारी बंदरातनं तो गलबतांनी मुंबईला जायचा. आणि अगदी किनाऱ्याला लागून 'बारा' नावाचा पट्टा, खारी जमीन, पिण्याच्या पाण्याची कायमची बोंब. बडोद्याहून प्रतापनगर-जंबुसर नॅरोगेज काही वर्षांपूर्वीपर्यंत याच पट्ट्यातून धावायची, ती आपल्याला "हेरिटेज" म्हणून आठवते, पण ती मुळात कापूस आणि माणसं वाहायला होती.

मिठावर मात्र जरा थांबतो. देशातलं तीन चतुर्थांशाच्या वर मीठ गुजरातेत होतं. बहुतेक कच्छ आणि सौराष्ट्राकडे, पण दहेज-जंबुसरच्या किनाऱ्यावरही मिठागरं आहेत. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, मग एकातून दुसऱ्या वाफ्यात सोडत सोडत उन्हावर आटवतात. समुद्राचं पाणी खारेपणा मोजायच्या काट्यावर तीन अंशांच्या आसपास भरतं, ते पंचवीसच्या पुढे गेलं की मिठाचे खडे धरायला लागतात, आणि जास्त पुढे जाऊ दिलं तर मीठ कडू होतं, म्हणून मुकादम सारखा काचेचा काटा बुडवून बघत असतो. त्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, लाकडी दंताळ्याने मीठ ओढायचं, ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत, आणि एक अवकाळी पाऊस आला की सगळं परत पाणी. हे मीठ फक्त आपल्या वरणात जात नाही बरं का, जास्त जातं केमिकलला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन, आणि त्यावर साबण, कागद, औषधं, रंग. रणोली-नंदेसरीच्या बाजूच्या कारखान्यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना हे मी काय सांगणार.

आणि म्हणूनच हे पत्र मंडळांना लिहितोय, कलेक्टरला नाही. आपल्या मंडळात दर रविवारी जे काका लोक कॅरम खेळत बसलेले असतात ना, त्यातले निम्मे रिफायनरी, खत, पेट्रोकेमिकल किंवा तेलाच्या कंपनीतून रिटायर झालेले. खंभातजवळ लुणेजला तेल लागलं १९५८ मध्ये, अंकलेश्वरला १९६० मध्ये, त्या तेलावर कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली आणि मग एकामागून एक सगळे कारखाने आले. नर्मदेच्या मुखाशी आलियाबेटजवळ १९७० मध्ये देशातली समुद्रातली पहिली तेलविहीर खणली, बॉम्बे हायच्याही आधी. देशातलं पहिलं एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल २००४ मध्ये दहेजला. हा इतिहास ज्यांनी हाताने केला ती माणसं आपल्याकडे आहेत, आणि आपण त्यांना कोजागिरीला दूध वाटायला उभं करतो. त्यांना माइक द्या ना. एकेकाला अर्धा तास द्या, स्लाइड नको काही नको, फक्त ड्युटीवर काय बघितलं ते सांगा म्हणावं.

त्यांना एक प्रश्न मात्र मी नक्की विचारणार, तो सांडपाण्याचा. शहराच्या उत्तरेकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी एका बंदिस्त चॅनलमधून जातं, १९८३ पासून, धनोऱ्यापासून पादरा तालुक्यातून पार जंबुसरच्या सारोद गावापर्यंत, सुमारे ५६ किलोमीटर, आणि तिथे महीच्या मुखाशी आखातात सोडलं जातं. कल्पना त्या काळात चांगलीच होती, तोपर्यंत पाणी जवळच्या नदीनाल्यात जायचं, त्यापेक्षा ओहोटीबरोबर समुद्रात जाऊ दे, भरती एवढी मोठी की पातळ होऊन जाईल. पण जी भरती घेऊन जाते तीच परत घेऊन येते, हे कोणीही किनाऱ्यावरच्या कांबोईला दोन तास उभं राहिलं तरी कळेल. वर चॅनलच्या कडेच्या गावांतल्या बोअरला लाल-पिवळं पाणी येतं अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतो आणि पान उलटतो. आपल्याकडे फॅक्टरीत काम केलेले आहेत, लॅबमध्ये काम केलेले आहेत, सीओडी-बीओडी (सांडपाणी किती घाण ते सांगणारी मापं) ज्यांना पाठ आहे असे आहेत. त्यांनी आपल्याला साध्या मराठीत समजावून सांगावं की किती शुद्ध झालं म्हणजे शुद्ध, कोण मोजतं, आकडे कुठे बघायला मिळतात. मी कारखाने बंद करा म्हणणाऱ्यातला नाही, माझंही घर त्याच पगारावर उभं राहिलंय. पण ज्यांच्या अंगणातून आपलं पाणी जातं त्यांना निदान ओळखावं की नाही.

विश्वामित्रीचंही तसंच आहे. पावागडाहून निघते, आपल्या शहरातून जाते, ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपण सगळे वरच्या मजल्यावर दूध-पाण्याच्या पिशव्या मोजत बसलो होतो तेव्हा चर्चा फक्त आजवा धरणाचे दरवाजे आणि नदीकाठची बिल्डिंग एवढीच. खाली ढाढरच्या काठी सपाट जमीन, मुखाशी भरती असली की पाण्याला उतरायला वेळ लागतो, तिथली गावं आपल्यानंतरही पाण्यात असतात, ते कोणी ग्रुपवर टाकलं नाही.

माशांकडे येतो, कारण आपल्यात सीकेपी, सारस्वत मंडळी भरपूर आणि बाजारात पाला दिसला की ती थांबणार म्हणजे थांबणार. हाच तो हिलसा, बंगाल्यांचा लाडका. समुद्रात राहतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नर्मदेत वर गोड्या पाण्यात येतो. त्यासाठी नदीचं पाणी गोडं पाहिजे आणि समुद्रापर्यंत वाहतं पाहिजे. सरदार सरोवर झाल्यावर खाली पाणी किती सोडायचं तर बरीच वर्षं ६०० क्युसेक (सेकंदाला ६०० घनफूट), एवढ्या मोठ्या नदीला ते कुठे पुरणार, मग भरतीचं खारं पाणी भरूचच्याही वर चढायला लागलं, काठच्या शेतांच्या विहिरी खाऱ्या झाल्या आणि हिलसा कमी झाला. आता त्यावर उपाय म्हणून भाडभूतला बंधारा बांधतायत, नदीच्या आरपार, नव्वद दरवाजांचा, म्हणजे खारं पाणी खालीच अडेल आणि वर गोड्या पाण्याचं सरोवर होईल. शेतकऱ्याला बरं, उद्योगाला बरं, पुराच्या बाजूनेही बरं म्हणतात. भाडभूतचे मच्छीमार विचारतात की मासा दरवाजातून वर कसा जाणार आणि आम्ही कुठे जाणार. मला दोन्ही बाजू कळतात, पण मच्छीमारांच्या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर दिलेलं मी वाचलं नाही.

आपल्यात नर्मदा परिक्रमा केलेले किती आहेत! त्यांनी हा सगळा भाग पायांनी बघितलाय. दक्षिण तटावर विमलेश्वरला थांबायचं, भरती येईल तेव्हाच बोट सुटणार, मग ती रात्री दोनला का असेना, झोळ्या-काठ्या सावरत चिखलातून बोटीत चढायचं, काही तास समुद्रात, आणि पलीकडे मिठी तलाई. तिथे उतरलं की समोर दहेजच्या कारखान्यांच्या चिमण्या. परिक्रमेची प्रवचनं आपल्याकडे एवढी झाली पण त्या चिमण्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मैयाचं दर्शन झालं आणि पुढे चालू लागले. परिक्रमावासी काका-काकूंना माझी विनंती, एकदा नुसतं त्या बोटीबद्दल बोला. नावाडी कोण होता, बाकीचे दिवस तो काय करतो, मासा मिळतो का त्याला, एवढंच.

कल्पसरचा विषय काढला की मीटिंग लांबते, तरी काढतो. भावनगरच्या बाजूपासून दहेजच्या बाजूपर्यंत समुद्रातच सुमारे तीस किलोमीटरचं धरण, आत गोड्या पाण्याचं सरोवर, वरून रस्ता. ही कल्पना लावून धरणारे डॉ. अनिल काणे आपल्याच एमएसयूचे (एम. एस. युनिव्हर्सिटीचे) कुलगुरू होते, म्हणजे आखातावरचं सगळ्यात मोठं स्वप्न एका बडोदेकर मराठी माणसाने बघितलं, आणि मराठी मंडळांत त्यावर अवाक्षर नाही. स्वप्न मोठं आहे यात वाद नाही. याच आखातात भरतीपासून सात हजार मेगावॉट वीज होऊ शकते असा अंदाज आहे, तोही कागदावरच. मला स्वतःला धरणाची भीती वाटते. पाच नद्यांचा गाळ घोघा-दहेजच्या एका जेटीला पुरून उरला, तो तीस किलोमीटरच्या भिंतीच्या आत काय करेल, आणि आपले सगळे कारखाने ज्यात सांडपाणी सोडतात ते गोडं सरोवर पिणार कोण. माझं चूक असेल तर इंजिनियर मंडळींनी उठून सांगावं, वादविवाद ठेवा, मी चहा-सेवउसळ स्पॉन्सर करतो.

तर मागणी काय आहे ती लिहितो नाहीतर म्हणाल नुसता बोलतो. मालवणला जायचंय तर जा, पण त्याआधी एक दिवसाची सहल आखाताची काढा, सकाळी सहाला निघून रात्री घरी. जाताना जंबुसर, मग कावी-कांबोई. स्तंभेश्वर महादेवाला आपले लोक जातातच, भरतीला देऊळ पाण्यात जातं त्याचा व्हिडिओ काढतात, नारळ देतात, परत येतात. तसं नको. ओहोटीला पोचा आणि भरतीपर्यंत थांबा. ओहोटीला तिथे चिखलावर निवट्या उड्या मारत फिरतात, मुलांना दाखवा, मासा असून पाण्याबाहेर कसा चालतो ते. तिवराची झाडं बघा, चिखलातून वर आलेली मुळं श्वास घेतात, ही तिवरं गावकऱ्यांनी हाताने लावलेली आहेत बऱ्याच ठिकाणी. खुंट्यांना जाळी बांधलेली दिसतील, भरतीबरोबर मासा आत येतो आणि ओहोटीला पगडिये, म्हणजे बोट नसलेले मच्छीमार, पायी जाऊन गोळा करतात. त्यांच्याशी बोला, पण पाणी फिरायच्या आत ते जसे परततात तसे तुम्हीही परता, तिथे पाणी समोरून येत नाही, खाचांमधून आधी पाठीमागे भरतं. सेल्फीसाठी आत जाणाऱ्यांना समितीने आधीच दम द्यावा.

वेळ काढताना कोकणातला हिशोब वापरू नका. तिथे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, आपल्याकडे पाणी आखातात वर चढत यायला काही तास जादा लागतात आणि वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. देवळात वेळा लावलेल्या असतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती मोठी.

दुसरं, व्याख्यानमालेत यंदा एक दिवस आखाताला. वर म्हटलं तसे रिटायर काका, एखादी परिक्रमावासी काकू, आणि जंबुसर किंवा भाडभूतचा एक मच्छीमार. तो गुजरातीत बोलेल, फावेल आपल्याला, आपण काय घरी शुद्ध मराठी बोलतो का.

तिसरं जरा किचकट आहे. जंबुसरला बल्क ड्रग पार्क (औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत) येतंय, २०२२ मध्ये पायाभरणी झाली, आपली पोरं-नातवंडं तिथे नोकरीला लागणार, चांगलंच आहे. दहेजकडेही नवीन काही ना काही चालू असतं. मोठा प्रकल्प असला की पर्यावरणाची जनसुनावणी लागते, पेपरात तीस दिवस आधी नोटीस येते, रिपोर्टचा सारांश गुजरातीत मिळतो, आणि लेखी मतही पाठवता येतं. आपल्या वाचनालयात पंचवीस पेपर येतात. एका माणसाने त्या नोटिसा कापून बोर्डावर लावल्या तरी खूप झालं. वाचायला इंजिनियर आहेत, लिहायला निवृत्त मास्तर आहेत, शेवटी सही करायला मी आहे.

बसचं मी बघतो, ओळखीचा ड्रायव्हर आहे आणि त्याला जंबुसरचा रस्ता पाठ आहे. गंभीराचा पूल २०२५ च्या जुलैमध्ये पडल्यापासून पलीकडे आणंद-खंभातला जायचं तर वासदवरून वळसा पडतो, म्हणून पहिली सहल अलीकडच्या काठाचीच ठेवू, खंभात आणि लोथल पुढच्या वेळी. जेवण डब्यातलं न्या, तिथे हॉटेलं फार नाहीत, आणि जुन्या चपला घाला, चिखल निघत नाही. तारीख येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवा, मी शेवटच्या रांगेत आहेच.

आपला,
एक जुना सभासद
दांडिया बाजार, बडोदे